मुक्तीआजीचं देणं

साक्ष देणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून कंटाळा. बाहेरगावचे प्रचारक आले, की आमच्या मंडळीत कुणीतरी उभं राहायचं, घसा खाकरायचं आणि आपण पूर्वी किती मोठे पापी होतो ते सांगू लागायचं. दारू, पत्ते, तमाशाचा नाद, बायकोला मारहाण. मग एका रात्री प्रभूनं हाक मारली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं स्वच्छ. पहिला भाग चवीनं सांगितलेला, दुसरा दोन वाक्यांत उरकलेला. आम्ही पोरं मागच्या सतरंजीवर बसून आज कुणाची दारू सरस ठरते याच्या पैजा लावायचो. ‘पापापासून सुटका’ हे शब्द त्या वयातच माझ्यासाठी निव्वळ आवाज होऊन बसले.

त्या आवाजामागे काही असू शकतं हे मला ज्या बाईमुळे कळलं, तिनं उपासनेत उभं राहून कधी साक्ष दिली नाही. ती बायकांच्या बाजूला अगदी शेवटी भिंतीला टेकून बसायची, गाणी मोठ्यानं म्हणायची आणि प्रवचन लांबलं तर सरळ झोपायची.

तिला सगळं गाव मुक्तीआजी म्हणायचं. केडगावची आजी म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या नगर शहराला लागूनही एक केडगाव आहे, देवीचं. ही होती दौंडजवळच्या केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय. माझ्या तोंडी अजून नगरच आहे, वाचकांनी चालवून घ्यावं.) मुक्तीत वाढलेल्या पुष्कळ मुलींची लग्नं ख्रिस्ती शिक्षकांशी, कारागिरांशी, शेतकऱ्यांशी झाली आणि त्या ठिकठिकाणी पांगल्या. हिचा नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता. मला आठवते तेव्हापासून ती विधवाच. मूलबाळ नव्हतं. आमच्या घरामागच्या खोलीत ती एकटी राहायची. नात्यानं ती आमची कुणी नव्हती.

आपलं वय तिला माहीत नव्हतं, जन्मगावही नाही. १८९९-१९०० साली गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. संवत १९५६ चा म्हणून तिकडे त्याला छप्पनियो म्हणतात. त्या दुष्काळात रमाबाईंच्या माणसांनी उपासमारीतून ज्या मुली गोळा करून केडगावला आणल्या, त्यांतली ही एक. आली तेव्हा पाच-सहा वर्षांची असावी. बोलायची चोख मराठीत. पण तांदूळ मापताना किंवा काठी टेकत पायऱ्या उतरताना तिच्या तोंडून आकडे गुजरातीत यायचे: बे, त्रण, चार. आईची भाषा तिच्यात तेवढीच शिल्लक होती.

मुक्तीत छापखाना होता आणि तो मुलीच चालवायच्या. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. फारशी न शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं, असं साधं मराठी त्यांना हवं होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. अख्खं बायबल १९२४ साली बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुलींत आमची आजी होती. शिशाचे खिळे उलटे असतात आणि जुळवायचेही उलटे. त्यामुळे उलटी अक्षरं तिला सुलट्याइतकीच सहज वाचता यायची. मी वही घेऊन समोर बसले, की ती पलीकडून माझ्या शुद्धलेखनावर बोट ठेवायची. वही तिच्याकडे फिरवायची गरज नसायची.

नऊ-दहा वर्षांची असेन. मी तिला विचारलं, पान छापून झालं की त्या खिळ्यांचं काय करायचं?

“मोडायचं पान. एकेक खिळा आपापल्या खणात परत. काना कान्यात, मात्रा मात्रेत. उद्या तेच खिळे दुसऱ्या पानाला.”

“मग ते पान?”

“गेलं. आता कुठं शोधशील? देव पापाचं असंच करतो बघ. पान मोडून टाकतो.”

मी मास्तरांची मुलगी. म्हटलं, “पण छापलेला कागद राहतोच की.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “राहतो,” म्हणाली, आणि मला शेंगा सोलायला बसवलं.

आमच्या घराण्याचा पापाशी आलेला संबंध थोडा निराळा होता, तो इथं सांगितला पाहिजे. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले महार. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, पण खेड्यांतल्या महार-मांग वस्त्यांमधून माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली ती १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि त्यानंतर. पोटासाठी बाटले, असं त्यांना तेव्हा म्हटलं गेलं, अजूनही म्हटलं जातं. पोट होतंच. उपाशी माणसाला पोट असतं याची लाज त्यानं का बाळगावी, हे मला कधी कळलेलं नाही. पण वडिलांची आई वेगळीच गोष्ट सांगायची. गावानं पिढ्यान्‌पिढ्या बजावलं होतं, की मागल्या जन्मी काहीतरी केलंत म्हणून या जन्मी वेशीबाहेर आहात. काय केलं ते कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे ते फिटण्याचीही सोय नव्हती. मिशनच्या माणसानं पणजोबांना सांगितलं, तू पापी आहेस. पण जेवढा पाटील आहे आणि जेवढा मी आहे तेवढाच. हे ऐकून पणजोबांना म्हणे फार आनंद झाला. न केलेल्या पापातून ते आधी सुटले. केलेल्या पापांकडे बघायला त्यांना सवड नंतर मिळाली.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हीच गोष्ट मला वेशीच्या आतून दिसली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाचएक वर्षं लागली. त्या काळात त्यांचं सोवळं-ओवळं आणि जातिभेद आधी गळून पडले, ख्रिस्तावरचा विश्वास मागून आला. उतरवून ठेवायचं पहिलं ओझं ब्राह्मणाच्या घरातही जातीचंच निघालं.

आता वडिलांची गोष्ट. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि मंडळीचे खजिनदार. रविवारचं अर्पण, दशांश, चर्चचं छप्पर बदलण्यासाठी साठत चाललेला निधी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत आणि एका लाल वहीत. १९७२ साली पावसानं दगा दिला. नगर जिल्ह्यात तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडायची कामं, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी वेगळ्या सांगायला नकोत. काकांनी विहीर खोल करायला काढली होती. सुरुंग आणि मजूर यांचे पैसे थकले, तसे वडिलांनी पेटीतले काढून भावाला दिले. दिवाळीच्या आत परत ठेवू. विहिरीला पाणी लागलं नाही. आणखी दोन परस खाली गेलं तर लागेल असं सगळेच म्हणत होते, म्हणून आणखी पैसे. पाणी लागलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात छपराचं काम काढायचं ठरलं आणि पेटी उघडावी लागली. कुणी विचारायच्या आधीच वडिलांनी सांगून टाकलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांनी आधी वहीत खाडाखोड केली, मग ती पकडली गेली.

कमिटीनं तीन गोष्टी ठरवल्या. खजिनदारी काढून घ्यायची, प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं आणि मंडळीसमोर कबुली द्यायला लावायची. पुढे नोकरीत माझ्या एक सहकारी वसईकडच्या कॅथलिक होत्या. त्यांच्याकडे कुमसार असतं. जाळीपलीकडे धर्मगुरू, अलीकडे आपण. कुजबुजत सांगायचं, क्षमेचे शब्द ऐकायचे, नेमून दिलेल्या प्रार्थना म्हणायच्या आणि घरी जायचं. फादरचा जीव गेला तरी ते बाहेर फुटणार नाही. मला त्यांचा हेवा वाटला. देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी नको, म्हणून आम्ही प्रॉटेस्टंटांनी ती जाळी काढून टाकली आणि तिच्या जागी अख्खं गाव आणून बसवलं.

त्या रविवारी वडील उभे राहिले, दोन वाक्यं बोलले, खाली बसले. त्यांच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी होती. पुरुष थोडे थोडे सरकले होते, कुणी मुद्दाम नव्हे. भाकरीचं ताट फिरू लागलं तशी मुक्तीआजी भिंतीपासून उठली, काठी टेकत बायकांची बाजू ओलांडून पुरुषांच्या बाजूला आली आणि वडिलांशेजारी मांडी घालून बसली. ताट आलं ते वडिलांपुढून तसंच गेलं. तिच्यापुढे धरलं, तर तिनंही हात हलवून पुढे जाऊ दिलं. तिला कुणी मना केलेलं नव्हतं. पाळकसाहेब बघतच राहिले. द्राक्षरसाचे छोटे पेलेही तसेच पुढे गेले. तिनं ते का केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. समोर दिसत होतं त्यापलीकडे त्यात काही असेल असं मला वाटतही नाही.

संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. वडिलांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. खाटेऐवजी जमिनीवर निजत होते. शेवटचा पैसा पेटीत पडेपर्यंत प्रभुभोजनाला शिवायचं नाही, कमिटीनं परवानगी दिली तरी नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आई चुलीशी गप्प बसली होती. मी दाराआड होते.

“मी फेडीन आजी,” वडील म्हणाले. “सगळं फेडीन.”

“पैसे फेडा मास्तर. पै न् पै फेडा, लोकांचे आहेत. पाप फेडायला जाऊ नका.”

वडील काही बोलले नाहीत. तेव्हा तिनं तिची गोष्ट सांगितली. मी ती त्या आधी ऐकली नव्हती, पुन्हाही ऐकली नाही.

दुष्काळात ती आणि तिचा धाकटा भाऊ असे दोघंच उरले होते. आई वाटेत गेली. एका ठिकाणी कुणीतरी मूठभर शिजलेलं धान्य हातावर ठेवलं, दोघांसाठी. भाऊ निजला होता. तिनं त्याला उठवलं नाही. दोन-तीन दिवसांनी तो गेला. “त्या मुठीनं तो जगला नसता,” ती म्हणाली, “हे मला मागाहून पुष्कळांनी सांगितलं. खरंही असेल. पण ते हिशेब मोठ्या माणसांचे.”

मग केडगाव. तिथं दोन वेळा जेवण होतं. ती जेवायला लागली आणि कुणाला न कळू देता रोजच्या भाकरीतली अर्धी बाजूला काढायला लागली. ओच्यात लपवायची आणि कुंपणापाशी नेऊन पुरायची. त्याचा वाटा. किती वर्षं? तिला सांगता येईना. पाच सालापर्यंत, एवढंच म्हणाली.

“त्या दिवसांत सगळ्या पोरी रडत होत्या. मीही रडले, सांगून टाकलं. आमच्यावर एक मोठी मुलगी होती, ती मला जवळ घेऊन म्हणाली, ही भाकरी कोण खातं गं? तो खातो? देव खातो? मी म्हटलं, मुंग्या खातात. ती म्हणाली, मग मुंग्यांचं कर्ज फेडतेयस तू. येशूनं तुझं फेडलंय ते घ्यायचं सोडून.” आजी थांबली. “दुसऱ्या दिवशी मी अख्खी भाकरी खाल्ली. मास्तर, माझं तारण तारण म्हणतात ना, ते ती अख्खी भाकरी. मी भाऊ कुणाला परत करणार होते? तुम्हाला पैसे तरी परत करता येतात. नशीबवान आहात.”

वडील त्या रात्री जेवले की नाही, ते मला आठवत नाही.

पाच सालची हकीकत मी पुढे वाचली. १९०४ मध्ये वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. तिच्या बातम्यांनी रमाबाई भारावल्या. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुक्तीतल्या सत्तरेक जणींना घेऊन रोजची प्रार्थना सुरू केली आणि तो गट वाढत वाढत पाचशेच्या वर गेला. जूनअखेर तिथं जे घडलं त्याची वर्णनं अंगावर येतात. मुली तासन्‌तास आक्रोश करतात, पापं कबूल करतात, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणून सांगतात. आजचा मानसशास्त्राचा विद्यार्थी याला समूहमनाचा उद्रेक म्हणेल आणि त्याला खोडून काढायला माझ्यापाशी काही नाही. शेकडो अनाथ मुली, प्रत्येकीच्या पोटात एकेक दुष्काळ. त्या एका आवाजात रडल्या यात नवल कसलं? मला विचाराल तर खरी गोष्ट रडण्याच्या दुसऱ्या दिवशी घडली, ताटापाशी, आणि ती कुठल्या अहवालात आलेली नाही.

फेडत राहण्याचा थकवा रमाबाईंनाही माहीत होता, आणि तोही दुष्काळाच्या वाटेनंच. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थामागून तीर्थं करत हिंडले. पुराणं सांगायची, उपास करायचे, होतं ते दान करायचं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई-वडील दोघंही गेले. मुलगी पुढे कलकत्त्याला जाऊन पंडिता आणि सरस्वती झाली, इंग्लंडला गेली आणि १८८३ मध्ये वाँटेजला तिनं बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या जोगिणींनी तिला लंडनमध्ये फुलमला नेलं होतं. समाजानं पतित ठरवलेल्या बायकांची सेवा तिथं चालायची. या बायकांना कुणी असं वागवतं, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिलं. हे कुठून आलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या येशूची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पण १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. मला आवडलेली ही एकच साक्ष. हिच्यात दारू नाही, तमाशा नाही. एक अतिशय हुशार बाई देवळातून चर्चमध्ये येते आणि तिथंही पुण्याची शिल्लक जमवू पाहते. मग एक दिवस तिला कळतं, की खातं केव्हाच मिटलेलं आहे. केडगावला त्यांनी पुढे कृपासदन काढलं ते फुलमसारख्याच बायकांसाठी. मुक्तीआजी त्याच आवारात वाढली.

आता माझ्याकडे यायला हवं. त्या वर्षी मी नगर कॉलेजात जाणार होते. डॉ. हिवाळ्यांनी १९४७ मध्ये काढलेलं ते कॉलेज आमच्यासारख्या घरांना फार मोठं वाटायचं. माझी फी आणि राहण्याची सोय म्हणून वडिलांनी ठेवलेले पैसे साहजिकच पेटीत गेले. कॉलेज राहिलं ते राहिलंच. मी वडिलांशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आवाज नाही. विचारलं तर हो किंवा नाही, आणि ताट वाढताना नजर भिंतीवर.

मुक्तीआजीला मोतीबिंदू झाला होता. संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायची. कधी स्तोत्रं, कधी योहान. मग एकदा तिनं मत्तयचा अठरावा अध्याय काढायला लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. राजा एका चाकराचं दहा हजार तलांताचं देणं माफ करतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. प्रवचनात ही गोष्ट आली, की पाळकसाहेब नेहमी शंभर दीनार म्हणजे किरकोळ, चिल्लर असं म्हणून पुढे जायचे. आजीला ते पसंत नव्हतं.

“दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी,” ती म्हणाली. “शंभर दिवसांची मजुरी चिल्लर? खडी फोडायला जाणाऱ्या बायांना जाऊन विचार. त्याचं येणं खरं होतं. येशू कुठं म्हणतो की नव्हतं?”

मी गप्प.

“तुझंही खरं आहे. बापाकडे तुझं येणं आहे. वसूल कर.”

“कसं करू?”

“रोज करतेयस की.”

मला राग आला. मी पुस्तक मिटून निघून आले आणि पुढचे काही दिवस तिच्याकडे फिरकले नाही. तिनं बोलावणं पाठवलं नाही. पण तिचं ते वाक्य ताट वाढताना, पाणी भरताना, वडिलांची सायकल दाराशी वाजली की, मध्येच उभं राहायला लागलं. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. मी वसूल करत होते ते त्यांच्या चेहऱ्यातून, आणि ते जमा कुठंच होत नव्हतं. त्यांनी मंडळीचं नुकसान केलं होतं, माझंही केलं होतं, ते मी कधी विसरले नाही, आजही विसरलेले नाही. विसरायचं असतं असं आजीनं सांगितलंही नव्हतं. फक्त त्यांच्याइतकीच मीही त्या पेटीला बांधलेली होते. फरक एवढाच, की त्यांना ते ठाऊक होतं. एका संध्याकाळी मी त्यांना चक्रवाढ व्याजाचं गणित विचारलं. मला येत होतं ते. त्यांनी पाटी घेतली आणि पायरी पायरीनं समजावून सांगितलं, अगदी सातवीच्या मुलीला सांगावं तसं, आणि मी मध्ये मध्ये हं म्हणत राहिले.

मी पुढे शिक्षिका झाले, वडिलांच्याच मार्गानं, कॉलेज न करता. गावानं वडिलांना ‘पेटीवाले मास्तर’ नाव ठेवलं आणि ते त्यांच्या मरणापर्यंत टिकलं. कमिटीनं वर्षाच्या आत त्यांना प्रभुभोजनाला परत घेतलं. आपण मनाशी धरलेला नेम त्यांनी मोडला, आणि पैसे फिटायच्या कितीतरी आधी हात पुढे करून भाकरी घेतली. मुक्तीआजी त्या दिवशी आजारी होती, घरीच.

तिच्या शेवटच्या वर्षात, आणीबाणी चालू होती तेव्हा, एकदा ती आपण होऊन म्हणाली, “तू लहानपणी मला एक विचारलं होतंस. छापलेला कागद राहतो म्हणून.”

मला आठवत होतं.

“राहतो तो. फाडता येत नाही, लोकांच्या घरोघर गेलेला असतो. पण खिळे सुटले की त्या पानाची नवी प्रत निघत नाही. मशीन कितीही फिरवा.” मग म्हणाली, “तुझ्या बापाला सांगू नको, तो मास्तर आहे, त्यात काहीतरी खोट काढील.”

मी सांगितलं. त्यांनी खोट काढली नाही.

तिच्या ऋणाबद्दल लिहायला बसले खरी, पण हात अडखळतो. तिच्या खोलीत ना तिनं कुणाचे आभार ऐकून घेतले, ना परतफेड. आई कधी वाटीभर कालवण घेऊन गेली, तर वाटी रिकामी परत यायची. रिकामी वाटी परत करू नये या शेजारधर्माला ती जुमानत नसे. आई चिडायची. मला आता वाटतं, घेणं तिनं फार कष्टानं शिकलेलं होतं आणि त्यात तिला भेसळ नको होती. मी दर वर्षी तिच्या नावानं केडगावला काही पाठवते हे तिला कळलं असतं, तर तिनं एवढंच विचारलं असतं, की हे तिथल्या पोरींसाठी पाठवतेस की मुंग्यांसाठी? मी पाठवताना हा प्रश्न स्वतःला विचारते. बहुतेक वेळा उत्तर ठीक येतं.

वडिलांचे हप्ते चालूच होते. पगाराच्या दिवशी नव्या खजिनदाराकडे जायचं, पैसे मोजून द्यायचे, पावती घ्यायची. शेवटचा हप्ता आजी गेल्यानंतर दोनेक वर्षांनी पडला. खजिनदार तरुण पोरगा होता, वडिलांचाच विद्यार्थी. त्यानं मोठ्या मनानं पावतीवर ‘देणगी’ असं लिहिलं. वडील घरी आले, चष्मा लावून पावती वाचली आणि उन्हात तसेच परत गेले. मी बरोबर होते.

“हे बदल,” ते म्हणाले. “परतफेड लिही.”

“मास्तर, काय फरक पडतो? वहीत जमाच व्हायचे.”

“देणगी लिहिलंस तर मी दिले असं होईल. माझे नव्हते ते.”

पोरानं खाली मान घालून दुसरी पावती फाडली. वडिलांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, आता छपराच्या कामाला माणसं कधी लावताय, पाऊस तोंडावर आलाय.